नळाला गार पाणी आलं, रोल धुवायला काढा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की हल्ली पोरं-पोरी पुन्हा फिल्मचे कॅमेरे गळ्यात अडकवून नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरताना दिसतात. त्यावर इतकी पत्रं येतील असं संपादकांना वाटलं नव्हतं, मलाही नव्हतं. त्यामुळे यावेळचं सदर सगळं फोटोचंच.

नव्या वाचकांसाठी सांगते. नागपुरात महाल भागातल्या एका फोटो स्टुडिओच्या घरात मी लग्न होऊन आले आणि थोड्याच दिवसांत सासऱ्यांनी डार्करूम माझ्या हवाली केली. समोर गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून 'हनुवटी थोडी खाली' म्हणायचं काम पुरुषांचं. आत अंधारात रोल धुणं, प्रिंट मारणं, काळ्या-पांढऱ्या फोटोत हातानं रंग भरणं हे माझं. म्हणून कॅमेऱ्याबद्दल कोणी विचारलं तर उत्तर देते, पण पाण्याबद्दल विचारलं तर जास्त खुशीनं देते.

प्रश्न : आजोबांच्या आलमारीत पेंटॅक्स के १००० कॅमेरा सापडला. बाबा म्हणतात बंदच असेल, उगाच खर्चात पडू नको. चालतो की नाही हे घरच्या घरी कसं पाहू?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, धरमपेठ

आधी एक गोष्ट करायची नाही, ती म्हणजे घाईनं मागचं झाकण उघडणं. डाव्या हाताला वर रिवाइंडची मूठ आहे, तिची छोटी दांडी बाहेर काढ आणि बाणाच्या दिशेनं हळूच फिरव. सैल फिरत राहिली तर कॅमेरा रिकामा. अडली, ताण जाणवला, तर आत रोल आहे, आणि तो आजोबांनी घातलेला आहे. तसं असेल तर तळाचं बारकं बटण दाबून रोल पूर्ण गुंडाळ, मगच झाकण उघड. किती वर्षांचा आहे कोण जाणे, पण काळा-पांढरा रोल वर्षानुवर्षं तग धरतो. धुणाऱ्याला सांग की जुना आहे. एखादा धूसर चेहरा निघाला तरी पैसे वसूल.

रिकामा असेल तर झाकण उघडून ट्यूबलाइटकडे धर आणि एकेक स्पीड लावून खटका दाब. हा कॅमेरा पूर्ण यांत्रिक आहे, १ सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळे स्पीड बॅटरीशिवाय चालतात. एक सेकंदाचा खटका कानानं ओळखता येतो. पडदा मध्येच अडकला किंवा एका बाजूला काळी पट्टी दिसली तर मिस्त्रीकडे न्यावा लागेल. बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यासाठी. एलआर ४४ नावाची गोळीएवढी बॅटरी, खेळण्यात असते तीच, घड्याळवाल्याकडे मिळते. या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटणच दिलेलं नाही, म्हणून काम झालं की लेन्सला टोपी लावायची. नाहीतर बॅटरी उजेड मोजत बसते आणि संपते.

मग झाकणाच्या कडेचा काळा फोम बघ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो वितळून डांबरासारखा चिकट होतो. काडीनं खरवडून नवा लावता येतो, आणि तो लावल्याशिवाय रोल घालू नको, कारण तिथून उजेड शिरतो. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी. थोडी असेल तर फोटोत कळतही नाही.

मीटरचा काटा मेला असला तरी हातपाय गाळू नको. लख्ख ऊन, लेन्सच्या कड्यावर सोळाचं छिद्र (एफ/१६), आणि शटर रोलच्या आयएसओच्या, म्हणजे डबीवरच्या आकड्याच्या जवळचं: १०० चा रोल असेल तर १/१२५. नागपुरात वर्षातले बरेच महिने एवढं पुरतं. झाडाच्या सावलीत छिद्र ५.६ पर्यंत उघड. बाकी अंदाज दोन रोलांत बसतो.

प्रश्न : माझ्या फोनमध्ये असं अॅप आहे की त्यातला फोटो अगदी फिल्मसारखा दिसतो, दाणे आणि उजेडाचे डागसुद्धा येतात. मित्र मात्र रोलवर पैसे उडवतात. यात खरंच काही आहे, की नुसता शौक?
— सॉफ्टवेअर इंजिनिअर, मिहान

फिल्मसारखं दिसणं एवढंच हवं असेल तर तुमचा फोन पुरे आहे. रोल घेऊ नका. टोमणा मारत नाही, हिशेब सांगते. रंगीत रोलला आज हजाराच्या आसपास पडतात, धुणं आणि स्कॅन धरलं तर दीड हजाराच्या घरात जातं. छत्तीस फोटो, म्हणजे एका खटक्याला चाळीसेक रुपये. डोळे मिटलेला काकांचा फोटोसुद्धा चाळीस रुपयांचा. दाण्यांसाठी एवढे मोजणं वेडेपणा आहे. शिवाय दाणे न दिसावेत म्हणून आम्ही अख्खा जन्म धडपडलो, ते तुम्ही हौसेनं घालता याची मला जरा गंमत वाटते.

पण तुमचे मित्र कशासाठी पैसे घालवतात ते त्यांना नीट विचारा. जो रोल काढतो, लॅबला पाठवतो आणि स्कॅन फोनवर मागवून मोकळा होतो, तो पंगतीत वरण-भातावरच उठलेला माणूस. पुढचं सगळं ताट राहिलंच.

खटका दाबल्यावर फिल्मवर दिसण्यासारखं काहीच घडत नाही. जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असतात. उजेड जिथे पडला तिथल्या कणावर चांदीचे मोजके अणू सुटे होतात. इतके थोडे की डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. फोटो तिथे असतो, पण दडलेला. डेव्हलपर नावाच्या द्रावणात बुडवलं की तेवढ्या मोजक्या अणूंच्या आधारानं तो अख्खा कण काळ्या चांदीचा होतो, म्हणजे कोट्यवधी पटीनं वाढ. ज्या कणावर उजेड पडला नाही तो तसाच राहतो आणि हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या फिक्सरमध्ये, विरघळून जातो. हे आपल्या हातानं, आपल्या मोरीत, घड्याळ लावून घडवता येतं, आणि माझ्या मते फिल्मची सगळी लज्जत इथे आहे. एनलार्जरखालून (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र) काढलेल्या कोऱ्या कागदावर ट्रेमध्ये आधी केस, मग भुवया, मग डोळे उमटताना पाहिलेले नसतील तर दाण्यांवरून भांडणात काय अर्थ आहे?

दुसरी मजा थांबण्याची. आमच्याकडे लोक रोल आणून द्यायचे तेव्हा एकाच रोलमध्ये गणपती, दिवाळी आणि पोराचं बारसं असायचं. रोल संपेपर्यंत कॅमेरा आलमारीत. प्रिंटचं पाकीट न्यायला आलेली बाई काउंटरवरच उघडायची आणि 'अगं बाई, हे तर विसरलेच होते' म्हणायची. काढलेला फोटो विसरायला मिळणं ही चैन आता राहिली नाही. फोनवर काढलेला फोटो तुम्ही काढल्याक्षणी पाहता, म्हणजे समोर माणूस उभा असताना त्याच्याकडे पाठ करून त्याचं चित्र बघता. तेवढ्या वेळात खरा चेहरा निसटतो.

तेव्हा मित्राला म्हणा, एक काळा-पांढरा रोल दोघं मिळून धुऊ. त्यानंतरही शौकच वाटला तर खुशाल सोडा. पुढचं उत्तर त्यासाठीच वाचा.

प्रश्न : घरी काळा-पांढरा रोल धुवायचा आहे. इंटरनेटवर सगळे २० अंश सेल्सिअस तापमान सांगतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये नळाचं पाणीच हात पोळतं. कसं जमवायचं?
— कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, वर्धा

सर, तुमच्या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. इंटरनेटवरचे ते सगळे थंड देशांतले. विदर्भात रोल धुण्याचा ऋतू असतो, आणि तो आत्ता सुरू झाला आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नळाला येणारं पाणी बहुतेक वेळा आपोआपच विसाच्या आसपास असतं. नवशिक्यांनी या दोन महिन्यांत हात बसवून घ्यावा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चाळिशी गाठतं. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपर ३७.८ अंशांवर लागतो आणि वेळ सव्वातीन मिनिटं. थंड मुलखातले लोक त्यासाठी हीटर लावून बसतात, आपण नळ सोडला की झालं. देवानं आपल्याला तेवढी एक सवलत दिली आहे.

उन्हाळ्यातच काळं-पांढरं धुवायचं असेल तर माठ कामाला येतो. कोरड्या हवेत माठ चांगला पाझरतो आणि पाणी पंचविशीच्या आसपास येतं. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा माठ आणि कूलर दोघंही संप करतात. पंचविशीच्या खाली आणायला बर्फ लागतोच, पण बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो पातळ होईल. मोठ्या गंजात (पातेल्यात) पाणी आणि बर्फ घ्या, त्यात डेव्हलपर, पाणी आणि फिक्सर या तिन्हीच्या बाटल्या उभ्या करा. तिन्हीच्या. डेव्हलपर वीस अंशांवर आणि धुण्याचं पाणी पस्तिशीचं असा धक्का बसला तर जिलेटिनला सुरकुत्या पडतात, सगळ्या फोटोवर तडे गेल्यासारखी जाळी येते आणि ती निघत नाही. वीसच पाहिजे असा हट्टही धरू नका. चोवीसवर सगळं सांभाळता येत असेल तर चोवीसवर धुवा आणि तक्त्यात बघून वेळ कमी करा. फक्त वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, काम एकसारखं होत नाही.

डेव्हलपर म्हणून डी-७६ घ्या. तयार पूड मिळते, ऑनलाइन मागवता येते. तुमची प्रयोगशाळा हाताशी असेल तर स्वतः बनवा: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाणी पन्नास अंशांचं घ्या. आधी सल्फाइटची चिमूट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट, मग बाकीचं. सल्फाइट आधी सगळं ओतलं तर मेटॉल विरघळत नाही. हातमोजे घाला. मेटॉलनं काहींच्या बोटांना खाज सुटते आणि कातडी फाटते. माझ्या हातांनी ते भोगलं आहे. आम्हाला हातमोजे कोणी सांगितले नव्हते.

अंधार फक्त एकदाच लागतो, रोल डबीतून काढून रिळावर चढवून रोल धुण्याच्या, उजेड न शिरणाऱ्या छोट्या टाकीत घालेपर्यंत. चेंजिंग बॅग (हात घालायला बाह्या असलेली काळी पिशवी) घेतली तर तेवढाही नको. नसेल तर अमावस्या पाहायची गरज नाही, रात्रीची मोरी चालते. दाराच्या फटीला रजई लावा, आत पाच मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावले की फटी आपोआप दिसायला लागतात, त्या बुजवा. लाल दिवाही लावायचा नाही. लाल दिवा कागदाला चालतो, रोलला नाही, आणि सिनेमात रोज उलटं दाखवतात. रिळावर रोल चढवायचा सराव एखादा वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात करा, मग डोळे मिटून, मग अंधारात. रीळ ओलं असेल तर रोल अडकतो, हे अर्ध्या रडारडीचं कारण असतं.

टाकीचं झाकण लागलं की दिवा लावा, पुढचं सगळं उजेडात. डेव्हलपर ओता, पहिला अर्धा मिनिट हळूहळू उलटी-सुलटी करा, मग दर मिनिटाला दहा सेकंद. बुडबुडे सुटावेत म्हणून टाकी ओट्यावर एकदा आपटा. वेळ झाली की ओतून पाणी, मग फिक्सर. रोलचं कापलेलं टोक फिक्सरमध्ये टाकून ते किती वेळात पारदर्शक होतं ते आधी बघून ठेवा, त्याच्या दुप्पट वेळ रोल ठेवायचा.

धुण्याबद्दल आमच्या काळात नळाखाली अर्धा तास धार लावायची पद्धत होती. आपल्या भागात पाण्याची ती उधळपट्टी मला तेव्हाही टोचायची. इल्फर्डची पद्धत सोपी आहे: हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) नसलेला फिक्सर वापरला असेल तर टाकी पाण्यानं भरा, पाच वेळा उलटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. तीन टाक्या पाण्यात रोल साफ. शेवटचं पाणी मात्र इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड घ्या, कारण बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग निगेटिव्हवर वाळले की ते प्रिंटमध्ये आकाशात उडत राहतात.

वाळवायला टांगताना पंखा बंद. नागपूर-वर्ध्याच्या धुळीपुढे कोणाचं चालत नाही. मोरीत आधी गरम पाणी सोडून वाफ करा, धूळ खाली बसते, मग रोल चिमट्यानं टांगा आणि खालच्या टोकाला दुसरा चिमटा लावा म्हणजे तो गुंडाळणार नाही. दोन-तीन तास दार उघडायचं नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते. आमच्याकडे तो बरणीत साठवायचो आणि चांदी काढणारे येऊन न्यायचे. तुमच्याकडे एवढा साठणार नाही, तर बरणीत भांडी घासायच्या लोखंडी घासणीचा तुकडा टाकून ठेवा. लोखंड विरघळतं, चांदी गाळ होऊन खाली बसते. विज्ञानाच्या तासाला दाखवायलाही बरं.

प्रश्न : विमानतळावर रोलचं काय करावं?
— सोनेगाव

हातात ठेवावा, पारदर्शक पिशवीत, आणि हातानं तपासा अशी नम्र विनंती करावी. सामानात टाकायचा नाही. नव्या सीटी स्कॅनरनं रोल धुरकटतो. विनंती मान्य झाली नाही तर जुन्या पद्धतीच्या एक्स-रेतून १०० किंवा २०० चा रोल एखाद्या वेळी गेला तर फारसं बिघडत नाही.

प्रश्न : सासूबाईंच्या डब्यातल्या जुन्या निगेटिव्ह उघडल्या तर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. काही वाकड्या झाल्यात. शिवाय माझ्या लग्नाचा रंगीत अल्बम लालसर पडला, आणि त्यांचा काळा-पांढरा तसाच्या तसा आहे. हे काहून?
— गृहिणी, इतवारी

वासाचं आधी. त्या निगेटिव्ह ज्या पातळ प्लास्टिकवर असतात ते अॅसिटेट उष्णतेनं आणि दमटपणानं फुटायला लागतं आणि त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं. व्हिनेगरमध्येही तेच असतं. बंद डब्यात ते आम्ल साठून शेजारच्या चांगल्या निगेटिव्हलाही लागतं. तेव्हा आजच्या आज आंबट वासाच्या वेगळ्या काढा. झालेलं परत फिरत नाही, म्हणून वाकड्या झालेल्यांची नक्कल सगळ्यात आधी करून घ्या. लॅबमध्ये स्कॅन झाली तर उत्तम. नसेल तर टॅबवर पूर्ण पांढरा पडदा लावा, त्यावर बोटभर उंचीवर काच ठेवा, काचेवर निगेटिव्ह, आणि वरून चांगल्या कॅमेऱ्यानं फोटो. काच पडद्याला चिकटवून ठेवली तर पडद्याचे ठिपके येतात.

चांगल्या असतील त्या बटर पेपरच्या पाकिटात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. सज्ज्यावर ठेवू नका. स्लॅबखाली उन्हाळ्यात काय भट्टी असते ते तुम्हाला सांगायला नको. आलमारीचा खालचा कप्पा बरा.

आता अल्बम. रंगीत प्रिंटमध्ये चांदी उरतच नाही. ती धुण्यात काढून टाकतात आणि राहतात ते तीन रंग. ते उडतात, आणि तिन्ही एकाच वेगानं उडत नाहीत, म्हणून लालसर. सासूबाईंच्या फोटोत चांदी आहे. नीट धुतलेली असेल तर ती तुम्हा-आम्हाला पुरून उरते. त्यांच्या फोटोंवर पिवळे डाग नसतील तर कोणाच्या तरी सुनेनं हायपो मनापासून धुतला होता एवढं मी इथून सांगू शकते. तुमचा अल्बम चिकट पानांचा असेल तर फोटो ओढून काढू नका, खालून दात साफ करायचा दोरा सरकवत सोडवा.

प्रश्न : यंदा मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला मुद्दाम काळा-पांढरा रोल घेऊन गेलो. पिवळी मारबत चक्क पांढरी आली, आकाशही कोरं पांढरं. पिवळा फिल्टर लावायला हवा होता का?
— जागनाथ बुधवारी

पिवळ्या फिल्टरनं ती आणखी पांढरी झाली असती. फिल्टर आपल्या रंगाला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाला गडद. आकाश गडद व्हायला ते आधी निळं असावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात बहुतेक ढगच असतात, त्यावर कोणत्याही फिल्टरचा इलाज नाही. आकाश फ्रेममध्ये घेऊच नका. गर्दीत घुसा, पुतळ्याच्या खालून न काढता समोरच्या एखाद्या पायरीवरून किंवा ओळखीच्यांच्या गॅलरीतून घ्या, मागे घरं आणि माणसं येऊ द्या. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडणाऱ्या तोंडांच्या मागे पांढरं आकाश कोणाला हवंय?

काळ्या-पांढऱ्यात खरी कसोटी काळ्या मारबतीची आहे. मीटर काळ्याला राखाडी करू पाहतो आणि जास्त उजेड मागतो. तिच्यावर मीटर धरला तर आजूबाजूचे चेहरे जळून जातात. मीटर आपल्या तळहातावर धरा, मग एक पायरी छिद्र उघडा, आणि त्यावर सोडून द्या. रोल ४०० चा घ्या, गर्दीत हात हलतात.

रंगांवरून आठवलं. खूप जुन्या फोटोंत बायकांचं कुंकू काळंभोर दिसतं, कारण तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे. आजच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर लाल फिल्टर लावून एखाद्या सवाशिणीचा फोटो काढला तर कुंकू कपाळावरून गायब होतं. घरात वाद नको असेल तर लावू नका.

प्रश्न : काकू, मी फिल्मवर लग्नं काढली आहेत. सप्तपदीच्या ऐन वेळी रोल संपणं, धुऊन येईपर्यंत पोटात गोळा, लग्नसराईत रात्र रात्र जागणं. आजच्या पोरांना फिल्मची गोडी लावताना हेही सांगा की.
— निवृत्त फोटोग्राफर, सक्करदरा

सांगितलं बघा. आणि माझी भर घाला: मे महिन्यात पत्र्याखालची डार्करूम, उजेड येईल म्हणून खिडकी बंद, धूळ उडेल म्हणून पंखा बंद, आणि बाहेर माणूस ओरडतो आहे की मुलीकडचे अल्बम मागतायत. डिजिटल आलं तेव्हा धंदा बसला म्हणून सासरे खचले. मी मात्र पहिल्यांदा लग्नसराईत गाढ झोपले. लग्न फिल्मवर काढा असं मी कोणालाही म्हणणार नाही.

पण पोट भरायचं ओझं त्यावरून उतरलं आणि मग मला ते काम आवडायला लागलं. तुमचंही तसंच असेल, नाहीतर पत्र कशाला लिहिलं असतं? फिल्म लोकांना अजून हवी आहे हे कंपन्यांनाही उशिरा कळलं. २०१२ मध्ये कोडॅक दिवाळखोरीत गेली, बंद केलेली एक्टाक्रोम ही रंगीत स्लाइड फिल्म २०१८ मध्ये त्यांनीच परत आणली. फुजीनं अॅक्रॉस ही काळी-पांढरी फिल्म बंद करून वर्षभरात नव्या रूपात पुन्हा विकायला काढली. २०२४ मध्ये तर पेंटॅक्सनं कोरा करकरीत फिल्म कॅमेरा आणला, अर्ध्या फ्रेमचा, छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. हळहळ वाटते ती आपल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. त्यांच्या 'इंदू' रोलवर आपण किती पासपोर्ट फोटो काढले असतील, आणि आज तरुण पोरांना रोल हवा असताना तो कारखाना बंद पडलेला आहे.

तुमच्याकडे एनलार्जर धूळ खात पडला असेल तर विकू नका. भाड्यानं द्या. मागणी आहे, माझ्याकडे दोघांनी विचारलंय.

प्रश्न : आजी, मी आठवीत आहे. माझ्याकडे कॅमेरा नाही. कॅमेऱ्याशिवाय फोटो काढता येतो का?
— प्रतापनगर

येतो. दूध पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घे, झाकण घट्ट बसणारा. आतून काळा रंग दे, झाकणालाही. डब्याच्या पोटाला मधोमध खिळ्यानं भोक पाड (हे मोठ्यांकडून करून घे) आणि त्यावर आतून थंड पेयाच्या कॅनच्या पत्र्याचा तुकडा चिकटव, ज्यात सुईच्या टोकानं अगदी बारीक छिद्र पाडलेलं असेल. छिद्राच्या कडा गुळगुळीत हव्यात, पॉलिश पेपरनं घास. बाहेरून काळी चिकटपट्टी लाव, ते तुझं शटर.

आता काळ्या-पांढऱ्या फोटोचा कागद लागेल. रोल नको, कागदच, कारण तो लाल दिव्यात हाताळता येतो. वर्ध्याच्या सरांना लिहिलेल्या उत्तरातलं बाकी सगळं वाच, फक्त कागद टाकीत नाही, ट्रेमध्ये लाल दिव्यातच धुवायचा, आणि डेव्हलपर कागदाचा वेगळा मिळतो तो घे. अंधाऱ्या खोलीत लाल बल्ब लावून कागद छिद्रासमोर डब्याच्या आत वाकवून बसव, चकचकीत बाजू छिद्राकडे. झाकण लाव. दुपारच्या उन्हात एखाद्या स्थिर गोष्टीसमोर ठेव, झाड किंवा सायकल चालेल, मांजर चालणार नाही. पट्टी काढ, मनातल्या मनात साठपर्यंत मोज, पट्टी परत लाव.

कागद धुतल्यावर उलटा फोटो येईल, पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. फोनमध्ये त्याचा फोटो काढून रंग उलटे केलेस की झालं. सगळा कागद काळा आला तर पुढच्या वेळी निम्मंच मोज, पांढरा राहिला तर दुप्पट. आणि वाऱ्यानं डबा हलू नये म्हणून त्यावर एक वीट ठेव.